रफू आणि ठिगळ



कवीने मूत्रपिंडावर बोलावे, ही जरा गमतीचीच गोष्ट आहे. आम्हा कवींचे सगळे लक्ष काळजावर. त्याला आम्ही फोडले, जाळले, कुणाच्या पायाशी ठेवले. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मूठभर आकाराचे दोन अवयव दिवसरात्र राबत असतात, त्यांच्याकडे आमच्यापैकी कुणी वळून पाहिले नाही. मीही पाहिले नव्हते. मी बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला, तो पन्नाशी उलटल्यावर पुन्हा जडला, आणि तोही रुग्णालयाच्या बाकावर बसून.

२०२४ च्या मे महिन्याची गोष्ट आहे. नवतपा सुरू होता. नागपूरकरांना नवतपा म्हणजे काय ते सांगायला नको. त्या वर्षी ३० मे रोजी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने छप्पन्न अंश तापमान दाखवले होते, आपल्याला आठवत असेल. देशभर बातमी झाली. मग हवामान खात्याने सांगितले की यंत्र बिघडले होते. यंत्र बिघडले होते हे खरे; पण त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग करता करता खाली कोसळला, त्यात यंत्राची काही चूक नव्हती. चूक असेल तर थोडी त्याची होती आणि थोडी माझी.

त्याची चूक अशी की काम संपवायच्या नादात तो तीन दिवस पुरेसे पाणी न पिता राबत राहिला. माझी चूक अशी की त्याची कंबर दुखत होती, आणि माझ्या कपाटात माझ्या गुडघ्यांसाठी आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांची पट्टी होती, ती मी त्याला दिली. 'घे, दिवसातून तीनदा घे, बरे वाटेल.' डॉक्टर नसताना डॉक्टरकी करण्याची आपल्याकडे घरोघरी सवय असते. शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंड स्वतःचा रक्तपुरवठा टिकवण्यासाठी जी धडपड करते, नेमकी तीच धडपड या गोळ्या थांबवतात, हे मला नंतर कळले. त्यात उष्णतेने त्याच्या स्नायूंची नासाडी झाली होती आणि त्यांतला लाल पदार्थ रक्तात उतरून मूत्रपिंडात जाऊन बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याची लघवी काळ्या चहासारखी झाली. तिसऱ्या दिवशी ती होईनाशी झाली.

श्रोतेहो, लघवी हा शब्द मी आकाशवाणीवर उच्चारेन असे मला कधी वाटले नव्हते. पण पुढचे चौदा दिवस आमच्या घरात दुसरा शब्द नव्हता. पलंगाला एक कागद लटकवला होता. त्यावर दर चार तासांनी आकडा लिहायचा : वीस मिलिलिटर, पंधरा, दहा, शून्य. एक दिवसाआड डायलिसिस. आणि सगळ्यांत कठीण म्हणजे पाणी. लघवी होत नसेल तर पाणी मोजूनच द्यावे लागते, नाहीतर ते फुप्फुसात साठते. तहानेने आडवा झालेला माणूस, बाहेर सेहेचाळीस अंश ऊन, आणि मी त्याच्या ओठांना ओला कापूस लावत बसलेलो. तो म्हणायचा, 'भाई, एक घोट दे ना.' मी म्हणायचो, 'आठ वाजता.' लहानपणी रोजे ठेवताना मीच त्याला चोरून पाणी प्यायला द्यायचो, हे आम्हा दोघांनाही आठवत होते, आणि दोघेही ते बोलत नव्हतो.

पाचव्या दिवशी मी डॉक्टर मॅडमना विचारले, 'किडनी गेली का?' त्या म्हणाल्या, 'अस्तर झडले आहे. भिंत शाबूत असावी. वाट पाहू.'

हे वाक्य मी वहीत लिहून घेतले. अस्तर झडले आहे, भिंत शाबूत असावी. मग त्याचा अर्थ शोधायला लागलो.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीला जोडलेली एक लांबलचक, वळणावळणाची नलिका असते. दिवसभरात या गाळण्यांतून सुमारे १८० लिटर द्रव खाली उतरतो. तो सगळा बाहेर गेला असता तर माणूस तासा-दोन तासांत कोरडा पडला असता. नलिका त्यातले बहुतेक पाणी, मीठ, साखर परत रक्तात ओढून घेतात आणि शेवटी दीड-दोन लिटर लघवी उरते. हे ओढून घेण्याचे काम नलिकेच्या आतल्या बाजूने एकमेकींना खेटून बसलेल्या पेशी करतात. एकच थर. फरशी बसवावी तशा पेशी. हेच ते अस्तर. त्याच्याखाली एक पातळ चिवट पडदा असतो, ती भिंत.

आता प्रश्न असा की या पेशी एकमेकींना धरून कशा राहतात? आतून दिवसरात्र पाण्याचा प्रवाह चालू आहे, तरी त्या वाहून का जात नाहीत? या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यांत जपानमधल्या क्योटोचे मासातोशी ताकेइची हे शास्त्रज्ञ फार महत्त्वाचे. १९७० च्या दशकात त्यांच्या लक्षात आले की पेशींभोवतीचे कॅल्शियम काढून घेतले की पेशींची एकमेकींवरची पकड सुटते. कॅल्शियमच्या भरवशावर पकड धरणारा जो प्रथिनाचा हात पेशीबाहेर आलेला असतो, त्याला पुढे त्यांनी कॅडहेरिन असे नाव दिले. शेजारणीच्या पेशीचाही तसाच हात बाहेर असतो. हात हातात येतो आणि थर घट्ट होतो. खालच्या भिंतीला धरायला वेगळे हात असतात, त्यांना इंटेग्रिन म्हणतात. म्हणजे प्रत्येक पेशी बाजूला शेजारणीचा हात धरून आहे आणि पायांनी जमीन धरून आहे.

रक्तपुरवठा तुटला, विष आले, की या पेशींतल्या काही मरतात. पण मला चकित करणारी गोष्ट वेगळीच होती. मूत्रपिंड असे एकाएकी बंद पडलेल्या रुग्णांच्या लघवीत जिवंत पेशीही सापडतात. त्या मेलेल्या नसतात. धक्क्याने त्यांची पायांची पकड ढिली झालेली असते, म्हणून त्या वाहून जातात. वाटेत एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे होतात आणि ते नलिकेतच अडकून बसतात. नाली तुंबावी तशी नलिका तुंबते. म्हणजे लघवी बंद होण्यात मरणाइतकाच हात सुटण्याचाही वाटा असतो.

चौदाव्या दिवशी सकाळी परिचारिकेने कागदावर आकडा लिहिला : ११० मिलिलिटर. दुपारी १८०. दुसऱ्या दिवशी सव्वा लिटर. आमच्या वहिनीने, म्हणजे भावाच्या सासरच्या नात्यातल्या एका बाईंनी, वॉर्डात पेढे वाटले. शेजारच्या पलंगावरच्या आजोबांनी विचारले, 'नातू झाला का?' मी म्हणालो, 'नाही आजोबा, लघवी झाली.' त्यांनी गंभीरपणे पेढा घेतला. त्यांचेही डायलिसिस सुरू होते. त्या वॉर्डात या बातमीची किंमत सगळ्यांना ठाऊक होती.

घरी परतल्यावर माझ्या डोक्यात एकच प्रश्न उरला. हे अस्तर पुन्हा विणले कुणी?

माझे वडील विणकर होते. नागपुरातल्या मोमिनपुऱ्याचे नावच विणकरांवरून पडले आहे. हातमागाचा आवाज ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. आई रफू करायची. मोहल्ल्यातल्या लोकांचे शेरवानीचे, साड्यांचे, कोटांचे कापड तिच्याकडे यायचे. तिच्या शेजारी बसून मी दोन गोष्टी पाहिल्या होत्या. एक, रफूचा धागा ती बाहेरून कधी घेत नसे. त्याच कापडाच्या आतल्या घडीतून, न दिसणाऱ्या जागेतून एकेक धागा ओढून काढायची. दोन, भोक बुजवायच्या आधी ती भोकाच्या कडेचे धागे सुईने सोडवायची. मी विचारायचो, 'अम्मी, आधीच फाटलेले अजून का उसवतेस?' ती म्हणायची, 'कडा मोकळी झाल्याशिवाय नवा धागा आत कसा जाईल?'

मूत्रपिंडाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी जशाच्या तशा खऱ्या आहेत, हे मला माझ्या भाचीने दाखवले. ती पुण्याला एका प्रयोगशाळेत काम करते. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स ही संस्था आहे आणि तिथे पेशींचे भांडार आहे. देशभरातल्या प्रयोगशाळांना तिथून जिवंत पेशी पुरवल्या जातात. पुण्याला गेलो असता भाचीने मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवले आणि म्हणाली, 'मामू, पाहा. पण आधी सांगून ठेवते, या कुत्रीच्या किडनीच्या पेशी आहेत.' मी जरा मागे सरकलो. ती हसली. 'काचेच्या आड आहेत, चावत नाहीत.'

ही पेशींची जात १९५८ साली अमेरिकेत मॅडिन आणि डार्बी या दोघांनी एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या मूत्रपिंडातून वाढवली. ती कुत्री केव्हाच गेली, तिच्या पेशी जगभर वाढत आहेत. भाचीने दाखवलेल्या बशीत त्या शहाबादी फरशीसारख्या एकमेकींना भिडून बसल्या होत्या. मधूनमधून थराला फोड आल्यासारखे उंचवटे दिसत होते. मी विचारले, हे काय? ती म्हणाली, 'पाणी ओढतात ना त्या. वरचे पाणी खाली ओढतात, ते बशीच्या तळाशी साठते आणि थर वर उचलला जातो.' म्हणजे शरीर नाही, रक्त नाही, मालकीण नाही, तरी पेशी आपले नेमून दिलेले काम करत आहेत. मी बराच वेळ त्या फोडांकडे पाहत राहिलो.

मग तिने दुसरी बशी दाखवली. तिच्यात आदल्या संध्याकाळी एक वृद्धिघटक घातला होता. वृद्धिघटक म्हणजे एका पेशीने दुसऱ्या पेशीला धाडलेला निरोप. शब्दाच्या ऐवजी प्रथिन. रात्रभरात त्या बशीतली फरशी विसकटली होती. पेशींनी एकमेकींचे हात सोडले होते, त्या लांबट झाल्या होत्या, पाय पसरून इकडे तिकडे सरकत होत्या. मेलेली एकही नव्हती. फक्त सुटलेल्या.

हा निरोप सापडला त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. १९८० च्या दशकात केंब्रिजला मायकेल स्टोकर आणि त्यांचे सहकारी पेशी वाढवत होते. तंतू विणणाऱ्या एका प्रकारच्या पेशी ज्या द्रवात वाढवल्या होत्या, तो द्रव त्यांनी या अस्तराच्या पेशींवर घातला आणि अस्तर विखुरले. म्हणजे त्या पेशींनी द्रवात काहीतरी सोडले होते. त्यांनी त्याला स्कॅटर फॅक्टर, म्हणजे विखुरणारा घटक, असे नाव दिले. त्याच सुमारास जपानमध्ये तोशिकाझु नाकामुरा वेगळ्याच वाटेने चालले होते. यकृताचा तुकडा कापला तरी ते पुन्हा वाढते, ते कशाच्या बळावर, हा त्यांचा प्रश्न होता. १९८४ साली त्यांनी यकृताच्या पेशींना वाढवणारा घटक गाठला. आणि १९९१ मध्ये उघड झाले की केंब्रिजचा विखुरणारा आणि जपानचा वाढवणारा हे दोघे नसून एकच आहेत. एकाच माणसाला एका गल्लीत भांडखोर आणि दुसऱ्या गल्लीत परोपकारी म्हणून ओळखतात, तसे.

त्याच वर्षी जिनिव्हाच्या रॉबेर्तो मोंतेसानो यांनी या कुत्रीच्या पेशी सपाट बशीत न ठेवता मऊ जेलीसारख्या पदार्थात ठेवल्या आणि तोच घटक दिला. तेव्हा पेशी नुसत्या विखुरल्या नाहीत. त्यांनी फांद्या फुटलेल्या पोकळ नलिका बांधल्या. मूत्रपिंडात असतात तशा. सुटण्याचा निरोप आणि बांधण्याचा निरोप एकच होता.

श्रोतेहो, वृद्धिघटक ही कल्पनाही तशी फार जुनी नाही. रिता लेव्ही-मोंताल्चिनी नावाची एक बाई इटलीत तुरीन शहरात राहायची. १९३८ साली मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांनी ज्यूंना विद्यापीठातून बाहेर काढले, तेव्हा तिने आपल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भावर काम सुरू ठेवले. पुढे अमेरिकेत तिने चेतापेशींना वाढवणारा घटक शोधला. तिचे सहकारी स्टॅन्ली कोहेन यांना दुसरा एक घटक सापडला. त्याने उंदरांच्या पिलांचे डोळे वेळेआधी उघडत. १९८६ साली दोघांना नोबेल मिळाले. कोहेन यांचा तो घटक माणसाच्या मूत्रपिंडातही तयार होतो आणि लघवीत उतरतो. नलिका खराब होत जातात तसे त्याचे लघवीतले प्रमाण घटते. आपण ओतून देतो त्या पाण्यात पेशींचे निरोप असतात, हे वाचून मी माझ्या भावाच्या त्या कागदाकडे नव्याने पाहिले.

तर रफूचे काम असे चालते. अस्तर झडते तेव्हा बाहेरून नव्या पेशी येत नाहीत. त्याच नलिकेतल्या, वाचलेल्या पेशी पुढे होतात. धागा त्याच कापडातला. नलिकांच्या मधल्या जागेतल्या पेशी वृद्धिघटक सोडतात. वाचलेल्या पेशींच्या अंगावर हा निरोप घेणारी दारे असतात आणि इजेनंतर ती वाढतात. निरोप पोचला की पेशी कॅडहेरिनचे हात आत ओढून घेते. शेजारणीला सोडते. आपला नेहमीचा आकार, नेहमीचे काम बाजूला ठेवते. चपटी होऊन उघड्या भिंतीवर पसरत जाते, दुभंगते, एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. भोक बुजले की पुन्हा हात बाहेर काढते, शेजारणीला धरते आणि पाणी ओढायला लागते. माझ्या भावाच्या कागदावर शून्य लिहिले जात होते, त्या दिवसांत आत हे चालले होते. आम्ही बाहेर दुवा मागत होतो, तेव्हा आत कडेचे धागे सोडवले जात होते.

पण यात एक अट आहे. निरोप वेळेवर थांबला पाहिजे. पेशी सुटली आणि सुटलेलीच राहिली, तर रफू होत नाही. मूत्रपिंडात आणखी एक वृद्धिघटक असतो, टीजीएफ-बीटा. तोही पेशींची आपसांतली पकड ढिली करतो, पण त्याचा ओढा तंतू विणण्याकडे असतो. इजा वारंवार होत राहिली, किंवा फार मोठी झाली, तर हा घटक बोलतच राहतो. काही पेशी धड अस्तरात नाहीत, धड बाहेर नाहीत, अशा अर्धवट सुटलेल्या अवस्थेत अडकतात. पूर्वी शास्त्रज्ञांना वाटे की अशा पेशी स्वतःच तंतू विणणाऱ्या पेशी होऊन जातात. आता चित्र वेगळे दिसते : त्या राहतात आपल्या जागी, पण आजूबाजूच्या पेशींना विणत राहण्याचा निरोप देत बसतात. मग तिथे व्रणाचा चिवट तंतू साठतो. भोक बुजते, पण पाणी ओढणारे अस्तर तिथे नसते. हे रफू नव्हे, हे ठिगळ. ठिगळे वाढत गेली की मूत्रपिंड आकसते, आणि ते मात्र परत येत नाही.

मी भाचीला म्हणालो, मग तो पहिला चांगला घटक सुईने टोचून का देत नाहीत? ती म्हणाली, 'मामू, सगळ्यांना पहिल्यांदा हेच सुचते.' प्रयोगातल्या उंदरांमध्ये त्याने मूत्रपिंड लवकर सुधारले होते. इन्शुलिनसारखा दिसणारा दुसरा एक वृद्धिघटक तर माणसांना देऊनही पाहिला. मूत्रपिंड एकाएकी बंद पडलेल्या रुग्णांवरची ती चाचणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. काही फायदा दिसला नाही. आणि धोकाही आहे. हात सोडा, सरका, वाढा, हा निरोप कर्करोगाच्या पेशीलाही हवाच असतो. विखुरणाऱ्या घटकाचा निरोप ज्या दारातून आत जातो, त्या दाराच्या जनुकातच बिघाड होऊन ते उघडेच राहिले, तर घराण्यात चालत येणारा मूत्रपिंडाचा एक कर्करोग होतो, हे १९९७ साली समजले. म्हणजे औषध आणि आजार यांत फरक घटकाचा नाही. किती, कुठे आणि किती वेळ, एवढाच.

हे सगळे मी समजून घेतले आणि जरा सुखावलो होतो. निसर्ग रफू करतो, आपण पाणी मोजत बसायचे, असे काहीसे मनात बसले होते. मग २०२५ चा सप्टेंबर आला.

छिंदवाडा नागपूरपासून सव्वाशे किलोमीटर. तिकडची माणसे दवाखान्याला, बाजाराला, लग्नाच्या बस्त्याला नागपूरलाच येतात. त्या जिल्ह्यातल्या परासिया भागातली लहान मुले, बहुतेक पाच वर्षांच्या आतली, एकामागून एक नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. साधा ताप, खोकला, मग लघवी बंद. त्यांना दिलेल्या कोल्ड्रिफ या खोकल्याच्या औषधाची तमिळनाडूत, म्हणजे ते जिथे बनत होते तिथे, तपासणी झाली. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के निघाले. चालण्यासारखे प्रमाण ०.१ टक्का. वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतल्या अनेकांनी आपल्या या शहरात शेवटचा श्वास घेतला.

मी वर्तमानपत्र हातात धरून बसलो होतो. मला आता माहीत होते की आत काय झाले असेल. हे विष शरीरात मोडते आणि त्यातून निघणारे आम्ल नलिकेच्या सुरुवातीच्या भागातल्या अस्तरात साठते. सगळ्यांत जास्त पाणी जिथे ओढले जाते, तिथेच. पेशी थव्याथव्याने मरतात. वाचलेल्या पेशींनी पुढे होऊन भिंत झाकायची असते. पण वाचल्याच नाहीत तर निरोप घेणार कोण? रफूला धागा त्याच कापडातला लागतो. कापडच उरले नाही तर आईची सुईही काही करू शकत नव्हती.

आणि हे आपल्याकडे पहिल्यांदा घडले असेही नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रव्याची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल त्या काळी गाजला होता. अमेरिकेत १९३७ साली याच द्रव्यात विरघळवलेल्या औषधाने शंभराहून अधिक माणसे मेली आणि पुढच्याच वर्षी तिथे औषधांचा नवा कायदा आला. विष तेच, अवयव तोच, अस्तर तेच. पेशी एकदा झालेली इजा ओळखून शेजारणीला निरोप धाडते. आपण माणसे मात्र चाळीस वर्षांपूर्वीचा निरोप वाचायला विसरतो.

माझ्या भावाला दैवाची साथ होती. त्याची भिंत शाबूत होती आणि काही पेशी वाचल्या होत्या. तो पुन्हा कामाला लागला आहे, मात्र मे महिन्यात दुपारी अकरा ते चार शेड बंद असते. ती अट मी घातली आणि त्याने कुरकुरत मानली. दर सहा महिन्यांनी त्याचे क्रिएटिनिन तपासतो. आजाराआधी ते ०.९ होते. आता १.३ वर थांबले आहे. मी डॉक्टर मॅडमना विचारले, हे ०.९ पर्यंत कधी उतरेल? त्या म्हणाल्या, 'कदाचित नाही उतरणार. सगळीकडे रफू होत नाही हो. थोडे ठिगळ राहते. आता दुसरा धक्का बसू द्यायचा नाही, एवढेच आपल्या हातात.'

म्हणून श्रोतेहो, कवितेऐवजी आज मी चार साध्या गोष्टी सांगून थांबतो. उन्हात काम करणाऱ्याला पाणी विचारू नका, पाजा. ताप, जुलाब, उलट्या, उन्हाचा तडाखा असताना वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, आणि माझ्यासारखे दुसऱ्याला तर मुळीच देऊ नका. लहान मुलाला खोकल्याचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नका. आणि आजारी मुलाने दिवसभरात लघवी केली का, हे आईने जसे लक्षात ठेवायचे तसे बापानेही ठेवावे. लघवी कमी झाली तर उद्यावर ढकलू नका.

त्या वेदनाशामक गोळ्यांची उरलेली पट्टी मी बरेच दिवस फेकली नव्हती. ती माझ्या वहीत, ज्या पानावर 'अस्तर झडले आहे, भिंत शाबूत असावी' असे लिहिले होते, त्याच पानात पडून होती. मागच्या ईदला भाऊ घरी आला, वही चाळता चाळता त्याच्या हाताला ती लागली. त्याने पट्टी पाहिली, माझ्याकडे पाहिले. मला वाटले आता तो काहीतरी बोलेल. त्याने पट्टी केराच्या डब्यात टाकली आणि म्हणाला, 'भाई, घसा सुकला. पाणी दे.'

मी उठलो आणि त्याला तांब्या भरून पाणी दिले. न मोजता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)